विहीर, मडके आणि हापसा

प्रताप नगरातील आमच्या धर्मग्रामाच्या ख्रिस्तशिक्षण वर्गातील एका मुलाने गेल्या उन्हाळ्यात मला एक प्रश्न विचारला. जवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी सिमेंटच्या ओट्यावर लोखंडाचा एक खांब उभा आहे. त्याचा दांडा कुणीतरी काढून नेला आहे आणि वरच्या पेटीला कपडे वाळत घालण्याची दोरी बांधली आहे. "फादर, हे काय आहे?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "बोरिंग." त्याला उमगले नाही. मग मी माझ्या गावाकडचा शब्द सांगितला, "हापसा." तोही त्याला ठाऊक नव्हता. पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी घरातल्या नळाला येत असताना त्याला तो ठाऊक असावा तरी कशाला? पण ज्या यंत्राने माझ्या आईच्या डोक्यावरचा दीड कोसाचा हंडा उतरवला, ते यंत्र माझ्या डोळ्यांदेखत अनोळखी झाले, याचे मला वाईट वाटले. प्रस्तुत लेख त्या वाईट वाटण्यातून लिहिला आहे.

माझे बालपण नगर जिल्ह्यात गेले. (२०२४ पासून त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे, जुन्या सवयीने मी नगर म्हणतो, वाचकांनी क्षमा करावी.) तेथे पाणी म्हणजे विहीर, आणि विहीर म्हटली की 'कुणाची?' हा प्रश्न आलाच. गावाची विहीर वेगळी, वाड्यांची वेगळी, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांची, असलीच तर, निराळी. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंचा समुदाय घेऊन जावे लागले, आणि त्या पाण्यावरील हक्काचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून मिळण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. दहा वर्षे, एका तळ्यासाठी! आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची प्रार्थना बदलली, नावे बदलली. पाणवठा मात्र बदलला नाही. याकोबाच्या विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा आम्हा मराठी ख्रिस्ती जनांना समजावून सांगण्यास कोणत्याही टीकाकाराची गरज कधी पडली नाही.

विहिरीचे पाणी मिळाले तरी ते निर्मळ असेल याची शाश्वती नव्हती. पटकी पाण्यातून पसरते हे डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये दाखवून दिले. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचा दांडा त्यांच्या सांगण्यावरून काढण्यात आला, हा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू ओळखला. म्हणजे कारण कळले होते. परंतु खेड्यातील विहिरीला कठडा नव्हता. पावसाळ्यात गावाची सारी घाण तिच्यात वाहून येई. पायऱ्यांच्या विहिरींत तर लोक पाण्यात उतरून घागर भरीत, आणि त्याच वाटेने नारू येई. नारूची मादी रोग्याच्या पायातून बाहेर पडताना पाण्यात अळ्या सोडते. त्या अळ्या पाण्यातील सूक्ष्म जीव गिळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने हातभर किंवा त्याहूनही लांब जंत तयार होतो. काडीला गुंडाळत गुंडाळत, रोज थोडा थोडा, तो ओढून काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे. जी राज्ये या रोगाने पीडित होती त्यांत महाराष्ट्रही होता.

आता नागपूरकडे वळू. एकोणिसाव्या शतकात अंबाझरीच्या तलावाने या नगराची तहान भागवली, हे येथील जुन्या रहिवाशांना माहीत आहे. ज्याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले, आणि आज सारे नागपूर तिला 'नीरी' या सुटसुटीत नावाने ओळखते. प्रताप नगरापासून ती फार दूर नाही. या संस्थेने मोठमोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरणाचे काम केलेच. परंतु मला तिच्या ज्या कामाचे विशेष कौतुक वाटते, ते मातीच्या दोन मडक्यांचे आहे.

विहिरीत विरंजक चूर्ण, म्हणजे आपली नेहमीची ब्लीचिंग पावडर, टाकली तर पाणी शुद्ध होते हे सर्वांना ठाऊक होते. अडचण अशी की पहिल्या दिवशी क्लोरीन इतके होई की लोक नाक मुरडून दुसऱ्या विहिरीला जात, आणि तिसऱ्या दिवशी ते उडून गेलेले असे. रोज पावडर टाकणार कोण? नागपूरच्या संशोधकांनी यावर जो उपाय काढला, तो कुंभाराच्या आव्यातला होता. एक मोठे मडके, त्याच्या आत मावेल असे दुसरे. दोघांनाही एकेक सेंटिमीटरचे भोक. आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर करून, भोकाच्या थोडे खालपर्यंत भरायची. ते मडके बाहेरच्या मडक्यात ठेवून तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने बांधायचे आणि दोरीने विहिरीत पाण्याखाली सुमारे एक मीटर सोडून द्यायचे. दोन भिंती आणि दोन भोके ओलांडून क्लोरीन संथपणे पाझरते. साडेचार हजार लिटर पाणी असलेल्या आणि रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा होणाऱ्या घरगुती विहिरीला अशी जोडी दोन ते तीन आठवडे पुरते. वीज नको, यंत्र नको, परदेशी सुटे भाग नकोत. आपल्याकडे संशोधन म्हटले की काचेची नळकांडी आणि चमकणारी पोलादी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. येथे तज्ज्ञ मंडळी मडक्याला भोक पाडत बसली होती! मला तरी त्यांत विद्वत्तेची खरी नम्रता दिसते.

पण मडके विहिरीत सोडायचे तर विहिरीत पाणी हवे. १९७० ते १९७३ या वर्षांत महाराष्ट्रावर जो दुष्काळ कोसळला, त्यात बहात्तरचे वर्ष इतके भीषण होते की आजही वडीलधारी माणसे आपले वय 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर' असे मोजतात. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, सुकडीचे वाटप, कोरड्या विहिरींच्या तळाशी वाटीने पाणी भरणारी पोरे, हे सारे मी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकत वाढलो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर वसला आहे, तो कातळ पाणी धरतो ते केवळ आपल्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. सीताबर्डीच्या टेकडीचा दगड पाहिला तरी त्याची कल्पना येईल. पहार आणि सुरुंगाने खणलेली विहीर या कातळात ठरावीक खोलीपर्यंतच जाते. त्याखालील भेगांतले पाणी गाठायचे तर छिद्र पाडायला हवे, आणि जुन्या ठोक्याच्या यंत्राने एका छिद्राला आठवडेच्या आठवडे लागत.

या ठिकाणी आपल्या कथेत मिशनरी मंडळी येतात. आणि आपण कॅथलिकांनी मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे की ती आपली नव्हती. जालना, जे तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, तेथे स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन फार जुने. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात त्याच परिसरात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले होते. या जालना मिशनने १९६० च्या दशकात दाबाच्या हवेवर चालणारी, छिद्राच्या तळाशीच हातोडा ठोकणारी यंत्रे कातळावर लावली. आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. युनिसेफने १९६७ मध्ये, उत्तरेतील दुष्काळाच्या वेळी, अशी यंत्रे भारतात आणण्यास आरंभ केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा तो काळ. १९६६ साली स्थापन झालेल्या 'अफ्प्रो' या संस्थेत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघेही अन्न आणि पाण्याच्या कामासाठी एकत्र आले. धर्मसिद्धान्तांवर ज्यांचे शतकानुशतके पटले नाही, त्यांचे विहिरीच्या काठावर पटले.

छिद्रे झाली. त्यांवर बसवलेले पंप मात्र टिकेनात. ते बिडाचे होते आणि त्यांचा नमुना युरोप-अमेरिकेतील शेतकऱ्याच्या अंगणातला होता. एक कुटुंब, दिवसातून चार-सहा वेळा थोडे पाणी, एवढ्यासाठी तो घडवला होता. आपल्या खेड्यात तोच पंप पहाटे चारला सुरू होई तो रात्री थांबे; शेकडो माणसे, आणि वर दांड्याला लोंबकळणारी पोरे. बीड हा ठिसूळ धातू, तो तडकला. दांडा आणि सळई यांना जोडणारे सांधे झिजले, खिळ्यांच्या जागी लाकडाचे तुकडे ठोकले गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यास युनिसेफने केलेल्या पाहणीत चार पंपांपैकी तीन बंद आढळले. लाखो रुपये कातळात गेले होते आणि बाया पुन्हा जुन्या डबक्याकडे निघाल्या होत्या.

जालन्याच्या कार्यशाळेने बीड टाकून पोलाद घेतले आणि अनेक सांध्यांऐवजी एकाच आसावर फिरणारा दांडा केला. हा 'जालना पंप'. त्याच्या पुढचे पाऊल सोलापुरात पडले. तेथील 'सोलापूर वेल सर्व्हिस' या संस्थेत, ज्यांत स्वीडनहून आलेले ऑस्कर कार्लसन यांचा मोठा वाटा होता, दांड्याच्या टोकाला चाकाच्या पाकळीसारखा एक वक्र तुकडा बसवण्यात आला आणि त्यावरून साखळी सोडण्यात आली. साखळीच्या खालच्या टोकाला विहिरीत जाणारी सळई. पूर्वी दांडा वर-खाली होताना सळईला बाजूने हिसके बसत आणि तीच झीज पंपाचा घात करी. आता दांडा कसाही हलवा, साखळी वक्रावरून उलगडते आणि सळई ओळंब्यासारखी सरळ वर येते. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून परतीच्या वेळी सळई आपल्याच वजनाने खाली जाते. खोल छिद्रात सळई लांब आणि जड असते, तेथे ही युक्ती उत्तम चालते. उथळ पाण्यावर मात्र तिचा तितका उपयोग नाही. दांड्याच्या आसाला बंदिस्त छर्ऱ्यांचे बेअरिंग, ज्यात धूळ शिरणार नाही आणि ज्याला रोज तेल नको. आमच्या गावातल्या सायकलवाल्याने पहिल्यांदा ती पेटी उघडून पाहिली तेव्हा तो हसून म्हणाला होता, "अरे, ही तर सायकलच उभी केली आहे!" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

सोलापूरच्या या नमुन्यावरून भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून जो पंप सिद्ध केला, तो 'इंडिया मार्क टू'. कोइमतूर भागातील खोल विहिरींवर त्याची कसोटी घेण्यात आली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो कारखान्यांतून बाहेर पडू लागला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. अटी साध्या होत्या. कोणत्याही साधारण कार्यशाळेत घडवता यावा, वर्षभर तरी बिघडू नये, आणि किंमत आवाक्यात असावी. त्याचा खांब छिद्राच्या नळीवर नुसता न बसवता सिमेंटच्या ओट्यात रोवला, त्यामुळे वरचे सांडपाणी परत आत झिरपण्याची वाट बंद झाली. मिनिटाला सुमारे बारा लिटर पाणी, आणि अडीचशे माणसांमागे एक पंप असा सरकारी हिशेब. माणशी रोज चाळीस लिटर! ज्यांनी कमरेएवढ्या खड्ड्यात वाटीने पाणी भरले होते त्यांना हा आकडा ऐश्वर्याचा वाटला. पुढे हा पंप आफ्रिकेतील खेड्यांतही पोहोचला. सोलापूर हे नाव चादरींसाठी जगभर जाते हे आपण शाळेत शिकतो. या साखळीची गोष्ट पाठ्यपुस्तकात असती तर बरे झाले असते.

आमच्या गावात हापसा आला तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. यंत्राची गाडी आली, दिवसभर कानठळ्या बसवणारा आवाज झाला, पांढरी भुकटी घराघरावर उडाली आणि तिन्हीसांजेला गढूळ पाण्याचा फवारा उडाला. कुणीतरी नारळ फोडला. आमच्या पाळकांनी प्रार्थना केली, गावच्या गुरवाने हळदकुंकू वाहिले, आणि यांत कुणालाच काही वावगे वाटले नाही. भांडण झाले ते दुसऱ्याच गोष्टीवरून. छिद्र आमच्या वाडीच्या कडेला पडले होते. गावातील काही प्रतिष्ठितांना आता पाण्यासाठी आमच्या दाराशी यावे लागणार होते. महिनाभर त्यांच्या बायका आल्या नाहीत. मग एप्रिल आला, विहीर आटली, आणि त्या आल्या. प्रथम आम्ही बाजूला व्हायचो, मग दांडा पाण्याने धुऊन घेतला जायचा, मग त्या भरायच्या. कधीतरी दांडा धुणे बंद झाले. नेमके केव्हा, ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. पुष्कळ गावांत याच्या उलट घडले, हेही सांगायला हवे. छिद्र कुठे पाडायचे हे ठरवताना भूगर्भापेक्षा सरपंचाच्या घराची दिशा पाहिली गेली आणि ज्यांच्या नावाने योजना आली त्यांची वस्ती कोरडीच राहिली.

नारू मात्र गेला. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या अथवा कठडा बांधून रहाटाच्या केल्या, पाणी गाळून पिण्यास शिकवले, हातपंप बसवले. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. लस नाही, औषध नाही. केवळ पाण्याची वाट बदलून एक रोग देशातून नाहीसा झाला.

येथेच थांबता आले असते तर कथा सुखान्त झाली असती. परंतु खोल पाण्याला त्याचा स्वतःचा इतिहास असतो. पावसाचे ताजे पाणी उथळ विहिरीत येते. खोलातील पाणी वर्षानुवर्षे खडकाशी संगत करते आणि त्या खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे असली तर ती त्यात विरघळतात. आपल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील, तसेच नांदेडच्या किनवट भागातील कित्येक गावांत हे घडले. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा. त्याहून अधिक असलेले पाणी लहानपणापासून प्यायल्यास दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि पुष्कळ वर्षांनी हाडे ताठरतात, पाय वाकतात. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. पटकीच्या भीतीने लोकांना उघड्या विहिरीवरून आम्हीच बोरिंगवर पाठवले होते. केळापूर तालुक्यातील एका गावात मिस्सा झाल्यावर मुले रांगेने आशीर्वाद घ्यायला आली आणि हसली, तेव्हा मला प्रथम हे दिसले. त्याआधीही मी त्या गावात तीन वेळा गेलो होतो.

यावरचा उपायही नागपूरचाच. 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात जी पद्धत बसवली, तिला आंध्रातील, आता तेलंगणातील, नलगोंडा या फ्लोराइडपीडित जिल्ह्याचे नाव मिळाले. पाण्यात चुना आणि तुरटी प्रमाणात घालून, थोडी ब्लीचिंग पावडर टाकून ढवळायचे. कापसासारखा साका धरतो, तो फ्लोराइड घेऊन तळाशी बसतो, आणि तळापासून चार बोटे वर लावलेल्या तोटीने वरचे पाणी काढून घ्यायचे. चाळीस लिटरच्या बादलीत घरच्या घरी हे करता येते. पद्धत खरी आहे. तिचे दुखणे एवढेच की ते रोज करावे लागते, तुरटीचे प्रमाण त्या त्या पाण्यावर ठरते, आणि हे सारे त्याच बाईच्या अंगावर पडते जिने आधी तासभर दांडा मारला आहे. दोन मडक्यांच्या मागे जी दृष्टी होती, की माणसाने रोज आठवण ठेवण्याची गरजच पडू नये, ती येथे साधली नाही, असे माझे नम्र मत आहे. जेथे शक्य झाले तेथे दुसऱ्या निर्दोष उद्भवाचे पाणी नळाने आणणे हाच मार्ग पत्करावा लागला.

आणि उपसा वाढला. शेतकऱ्यांनी विजेचे पंप लावून दोनशे-तीनशे फूट खालचे पाणी उसाला आणि संत्र्याला दिले, तेव्हा गावाचा हापसा नुसती हवा ओढू लागला. यंत्राचा दोष नव्हता. खाली काही उरलेच नव्हते. हे ज्यांनी फार आधी ओळखले त्यांत येशूसंघीय फादर हर्मन बाकर यांचे नाव घ्यावेच लागेल. स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मलेले हे धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांचे कार्यक्षेत्र झाले ते आमचा कोरडा नगर जिल्हा. आरंभी त्यांनीही विहिरींना आणि पंपांना मदत केली. पण जमिनीत पाणी शिरलेच नाही तर निघणार कोठून, हा प्रश्न त्यांना सोडीना. नगरच्या सोशल सेंटरमार्फत पिंपळगाव वाघा येथे डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध आणि झाडे असे काम झाले. १९८९ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. पैसा देण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, अशा अटी असत. शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाला चराईबंदी सर्वांत जड गेली, आणि त्याबद्दल गावोगाव कटू वादही झाले. २०२१ साली फादर बाकर मायदेशी निवर्तले.

२०१९ पासून 'जल जीवन मिशन'चे नळ घरोघरी जात आहेत, माणशी पंचावन्न लिटरचा हिशेब आहे, आणि ते झालेच पाहिजे. कोणत्याही बाईने हंडा घेऊन रांगेत उभे राहावे अशी माझी इच्छा नाही.

आमच्या गल्लीतील त्या खांबाकडे मी परवा एका मिस्त्रींना घेऊन गेलो. प्रश्न विचारणारा मुलगा आणि त्याचे चार सोबती मागे आले. मिस्त्रींनी दोरी सोडून पेटीचे झाकण उघडले. साखळी गंजली होती, पण जागेवर होती. वक्र तुकडा बोटाने ढकलला तसा कुरकुरत फिरला. मुलांनी आळीपाळीने तो फिरवून पाहिला. खालचे पाणी कुठवर आहे, हे नळ्या उपसून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असे मिस्त्री म्हणाले. दांडा नवीन करून घ्यावा लागेल. चामड्याचे वायसर आता कुणी वापरत नाही, रबराचे मिळतात.